घरोघरचं बोलावणं

औंढा, पौष वद्य ४, सन १९४६

चि. सुनीतीस आजीचा आशीर्वाद.

उमरावतीला मास्तरणी तयार करायच्या वर्गात तुझा पहिला नंबर आला हे वाचलं. चांगलं झालं. पत्रात तू 'आपली शाळा, आपली शाळा' बरंच लिहिलंस, पण शाळेचं काय चाललंय हे विचारलं न्हाईस. म्हणून मीच सांगते. आपली शाळा बुडवायचं ठरून राहिलंय.

परवा परभणीहून निजाम सरकारच्या तालीमात खात्याचे, म्हंजे शिक्षण खात्याचे, साहेब आले होते. आपले कमिटीचे अध्यक्ष राधाकृष्ण वकील त्यांच्या मागं मागं वाकून चालत होते, जसं काही साहेबांच्या खिशातून काही सांडलं तर लगेच उचलायचंय. साहेबांनी धर्मशाळेच्या ओवरीत डोकावलं. पोरी पोत्यांवर बसल्या होत्या. एक शेळी आत आली होती, ती पण बसली होती. साहेब उर्दूत काहीतरी बोलले आणि वकील हसले. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणे, एका गावात पोरींच्या दोन शाळा म्हंजे उधळपट्टी आहे.

दुसरी शाळा म्हंजे चावडीजवळचा सरकारी जनाना मदरसा. त्यांच्याकडं बाकं आहेत, पोरी न्हाईत. आपल्याकडं पोरी आहेत, बाकं न्हाईत. साहेबांच्या हिशेबानं दोन्ही मिळून एक शाळा बराबर पुरी होते. मराठीचे वर्ग पण तिथंच, उर्दूचे पण तिथंच, आणि वर सदर मुअल्लिमा, म्हंजे मोठी मास्तरीण, म्हणून शिकलेली बाई पाहिजे. वकिलांनी तुझं नाव सांगून टाकलंय. कबूल न्हाई केलं तर पुढच्या सालची आपली परवानगी बंद.

मी वकिलांना म्हटलं, बाकं बैलगाडीत घालून नेता येतात, पोरी न्हाई नेता येत. त्यांना बोलवावं लागतं. ते म्हणाले, "गंगूताई, आता जमाना बदलला." जमाना बदलला हे मला हा माणूस सांगतो, ज्याची स्वतःची पोरगी माझ्या हाकेशिवाय कधी चौकटीबाहेर आली न्हाई.

तू लहान होतीस, तुला शाळा सुरू झाली तेव्हाचं आठवायचं न्हाई. वकिलांनी हार-तुरे करून शाळा उघडली. छापील कागद वाटले. आल्या किती, तर तीन. एक त्यांचीच, एक तू, आणि एक चुकून आलेली. महिनाभर मास्तर भिंतीला शिकवत होता. मग मी डोकं चालवलं. आपल्यात हळदीकुंकवाचं बोलावणं दाराशी आलं तर तापातली बाई पण उठून जाते. न जाणं म्हंजे बोलावणारणीचा अपमान. मग शाळेचं बोलावणं काहून करू न्हाई? रूपाबाई कासारणीला घेतलं, कारण ती सवाष्ण आणि माझं कपाळ मोकळं. ती कुंकवाचा करंडा घेऊन पुढं, मी दोन पावलं मागं. मुसलमान आळीत रहमतबी पुढं, ती हातावर खडीसाखर ठेवायची. उंबरा ओलांडायचा न्हाई. आईला कुंकू लावायचं, म्हणायचं शाळेला बोलावलंय, आणि पोरीच्या नावानं हाक मारायची. एकदाच. दुसऱ्यांदा हाक मारली की ते बोलावणं राहत न्हाई, भीक होते. रोज सकाळी, पंधरा वरसं, हेच केलं. कोणत्या आईची छाती होती कुंकू लावून घेऊन न्हाई म्हणायची?

पन्नाशीला मी पहिलीच्या पोरींत बसून बाळबोध शिकले ते पण एवढ्यासाठीच, की कमिटीत सही करताना अंगठा दिसू नये.

रूपाबाईची देवला आता तिसरीत आहे. तुझ्यानंतर डोक्याची हीच एक. ती चौथी पास झाली की तिला तुझ्यासारखं मास्तरणीच्या वर्गाला धाडायचं माझं ठरलंय. तिचा बाप म्हणतो, शाळा हाय तवर थांबतो, शाळा सरली की पोरीचे हात पिवळे. म्हणजे शाळा कोणासाठी चालवायची ते ध्यानात ठेव.

उलट टपाली लिही. तू न्हाई म्हण, मग वकिलांना मी बघते.

आजी

---

औंढा, आषाढ वद्य २, सन १९४६

सदर मुअल्लिमा सुनीतीबाई यांस,

दोन आळ्या सोडून वेगळं बिऱ्हाड केलेल्या नातीला पत्र लिहायची पाळी देवानं माझ्यावर आणली. रूपाबाईच्या हाती देते आहे. तुझ्या शिपायाच्या हाती दिलं असतं, पण तो मोठ्यानं वाचत येईल.

तू उमरावतीहून लिहिलंस की सरकारी शिक्का मिळाला तर पोरींच्या परीक्षेला किंमत येईल, देवलासारख्या पोरीला पुढची वाट मोकळी होईल. मी वाचलं. दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई, पण म्हटलं पोरगी शिकलीय, तिला कळत असंल. मी कमिटीत जाऊन सही केली. घंटा दिली, फळे दिले, पोती झटकून दिली. आपल्या शाळेचं दुसरं होतं तरी काय.

मग एक झालेल्या शाळेचं उद्घाटन ठरलं. त्या दिवशी मी धुवट लुगडं नेसून सकाळपासून ओसरीवर बसले. रूपाबाई करंडा भरून आली. रहमतबी पण आली, पदरात खडीसाखर बांधून. तिघी बसलो. वकिलांकडून कोणी आलं न्हाई. तुझ्याकडून कोणी आलं न्हाई. चावडीकडून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा रहमतबी म्हणाली, "गंगूबाई, हो गया दिखता." आणि आपली खडीसाखर आपणच तोंडात टाकून घरी गेली.

दुपारी तुझा शिपाई महेबूब आला. पोरगा गरीब आहे, त्याला मी बोल लावत न्हाई. त्यानं कागद दिला. त्यात तुझ्या अक्षरात लिहिलं होतं की शाळेत पोरी आणणारी आया म्हणून गंगूताईंची नेमणूक करण्यात येत आहे, दरमहा पगार मिळेल, खाली सही करावी.

आया.

मी तो कागद महेबूबच्याच हाती परत दिला. म्हटलं, बाईंना सांग, अक्षर सुधारलंय.

तू देवळाच्या पायरीवर भेटलीस तेव्हा काय म्हणालीस? "आजी, खात्यात दुसरी जागाच नव्हती. आणि घरच्या माणसाला कसलं आलंय बोलावणं?" अगं, घरच्यालाच आधी असतं. लग्नात पहिली अक्षत कुळदेवाला ठेवतात ती काय तो परका असतो म्हणून? आपण नागनाथाच्या गावात राहतो. बापाच्या यज्ञाला न बोलावता गेली त्या सतीचं काय झालं ते इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, तुला वर्गात शिकवलं न्हाई वाटतं.

आता तुझा शिपाई रोज सकाळी दारोदार फिरतो. हजेरीचं बुक उघडून मोठ्या आवाजात पोरींची नावं पुकारतो. कासाराच्या दारात परका पुरुष उभा राहून 'देवला, देवला' करतो, आणि सगळी आळी ऐकते. तिसऱ्या दिवशी तिच्या बापानं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी त्याच्या आधी लावलं होतं. मुसलमान आळीत तर महेबूबला त्याच्या चुलत्यानंच झाडलं, की आपल्या भैनींची नावं रस्त्यात घेतोस, शरम न्हाई का.

तू म्हणतेस पोरी बोलावण्यानं न्हाई, शिकायच्या ओढीनं यायला हव्यात. बरं. ओढ कधी येते ते बघ आणि आली की मला कळव.

रूपाबाई करंडा घेऊन आली होती. म्हणाली, "थोरल्या बाई, आपण दोघी जाऊन येऊ का, पोरगी रडती घरात." मी सांगितलं, ठेव करंडा चुलीमागं. ज्यांची शाळा त्यांनी बोलावणं धाडावं. तुला कोणी धाडलं का? मला धाडलं का? मग आपण कोण?

ती करंडा घेऊन परत गेली. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली न्हाई.

गंगूताई, आया न्हाई

---

औंढा, चैत्र वद्य ६, सन १९४७

परभणीकर बाईंस,

तू गेल्यावर दहा-बारा दिवसांनी लिहिते आहे. म्हटलं तिकडं नीट बसली असशील, बदलीच्या शाळेत पोरी आपल्या पायानं येत असतील. शहर आहे.

शाळा बंद झाल्याचा हुकूम राधाकृष्ण वकिलांनी पारावर वाचून दाखवला. हजेरी भरत न्हाई, सबब खर्च परवडत न्हाई, सबब बंद. मोठ्या तोंडानं वाचत होते. उघडताना पण तेच वाचत होते, बंद करताना पण तेच. वकिलाला काय, कागद असला म्हंजे झालं. मी विचारलं, आमची जुनी शाळा परत द्या, ओवरी आहे, पोती आहेत. तर म्हणे गंगूताई, तुमची शाळा आता न्हाईच, ती या शाळेत विलीन झाली, आणि ही शाळा बंद झाली. म्हणजे बघ, आधी आमचं दूध यांच्या ताकात ओतलं आणि मग ताक नासलं म्हणून भांडं पालथं केलं. आता दूध कुठं मागायचं?

लोक म्हणतात म्हातारीनं मनावर घेतलं असतं तर शाळा चालली असती. लोकांना काय. त्यांना कोणी विचारलं न्हाई की तुम्ही दारं काहून लावली. मला कोणी बोलावलं न्हाई, मी गेले न्हाई. यात माझं काय चुकलं ते कोणी सांगावं.

थंडीत तू स्वतः दारोदार फिरलीस हे मला कळलं होतं. एकटीच. मला वाटलं होतं एवढं तरी तुला कळत असंल. मोकळ्या कपाळाची बाई, भल्या पहाटे, हातात करंडा न्हाई, पुढं सवाष्ण न्हाई, आणि दाराशी उभी. लोकांनी तोंडं फिरवली. वाण्याच्या सुनेनं तर तुझ्यासमोर उंबऱ्यावर पाणी टाकलं. पंधरा वरसं मी दोन पावलं मागं काहून चालत होते? मला चालता येत नव्हतं म्हणून? तेराव्या वरसी तुझं कपाळ मोकळं झालं तेव्हा तुला कोपऱ्यात बसू दिलं न्हाई, पुन्हा पाटी दिली हातात. पण गाव ते गावच आहे, ते पाटी बघत न्हाई.

तुझ्यावर पाणी पडल्याचं रूपाबाईनं सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, मला कशाला सांगतेस. मग मी त्या वाण्याच्या दारावरून जाणं सोडलं. अजून तेल दुसरीकडून आणते.

तू जायच्या दिवशी घरी येऊन गेलीस असं शेजारची म्हणाली. मी घरात नव्हते, देवळात होते. तुला भेट झाली न्हाई याला मी काय करू. ते निळं लुगडं तुला शोभत न्हाई, त्यात तू आजारी दिसतेस. आणि डाव्या पायाच्या वहाणेचा अंगठा तुटलाय, तो शिवून घे, परभणीत चांभार असतीलच. उंबऱ्याबाहेर उभं राहून हाक एकदाच मारायची हे तुझ्या ध्यानात राहिलं, तेवढं बरं केलंस. माझीच शिकवण.

त्या दिवशी भाकरी करपली. तशीच खाल्ली.

एका भक्तासाठी या गावचं अख्खं देऊळ फिरलं म्हणतात. दगडाचं देऊळ. तुझी मान फिरली न्हाई. सरळ गाडीत बसलीस.

आजी

---

औंढा, वैशाख शुद्ध ९, सन १९४८

सुनीती,

वरसभरात तुझं एक कार्ड आलं, 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी'. एवढं तर पोस्टमन पण विचारतो.

दिवस वाईट आहेत. तुमच्याकडं काय आहे माहीत न्हाई, इकडं संध्याकाळी दिवा झाकून ठेवतात. रजाकार येतात म्हणून एकदा हूल उठली आणि अर्धा गाव जवळा गावच्या बाजारातून सामान टाकून पळाला. ज्यांची ऐपत आहे ते हद्दीपलीकडं वऱ्हाडात जाऊन राहिलेत. राधाकृष्ण वकील उमरखेडला आहेत, असं म्हणतात. पळण्यात ते कधी मागं न्हाईत.

हे सांगायला लिहीत न्हाई. देवलाचं लग्न झालं.

कासार म्हणाला, निजामाच्या राज्यात उपवर पोरगी ठेवायची न्हाई. पुसदकडचं स्थळ आलं. बिजवर आहे, दोन लेकरं आहेत, दुकान आहे. देवलाला तेरावं संपत होतं. चौथीचं पुस्तक तिच्याकडं होतं ते रूपाबाईनं माझ्याकडं आणून ठेवलं. म्हणाली, सासरी काय करायचं, तिथं आधीच दोन पोरं आहेत, फाडून टाकतील.

लग्नाच्या आदल्या सकाळी रूपाबाई आली. मी तुळशीपाशी होते. ती आत आली न्हाई, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. नवं लुगडं, हातात तोच करंडा. माझ्या शब्दानं जो चुलीमागं ठेवला होता, तोच, धुराचा काळा डाग तसाच होता त्यावर. करंडा तिनं उघडला न्हाई, कुंकू मला लागत न्हाई हे तिला ठाऊक आहे. माझ्या हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "थोरल्या बाई, देवलाच्या लग्नाचं बोलावणं करायला आले. बराबर दाराशी आलेय, तुमच्या रीतीनं. आता येणार न्हवं?"

बाई आवाज चढवून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिनं खाली बघून सांगितलं.

मी गेले. बोलावणं बराबर होतं, न जाऊन काय करते. लग्न घाईचं, वाजंत्री न्हाई, रजाकारांच्या भीतीनं मांडव पण घरातच. हळद लावून पोरगी कोपऱ्यात बसली होती. मी जवळ गेले. म्हटलं, काय गं, शहाणी हो, नीट राहा. म्हातारीनं आणखी काय बोलायचं असतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली:

"थोरल्या बाई, मी रोज वेणी घालून बसत होते."

मी म्हटलं, कधी?

"शाळा तिकडं गेल्यावर. रोज सकाळी. आईनं म्हटलं होतं, थोरल्या बाई येतील. दुपारपर्यंत बसायची, मग सोडायची वेणी."

तिच्या आत्यानं तिला गप्प केलं. नवरीनं बोलू न्हाई म्हणून. मी पंगतीला बसले, जेवले. लाडू बरे होते, गूळ कमी होता.

हे तुला काहून लिहिते? तू ती जागा कबूल केलीस, म्हणून. तू शिपाई धाडलास, म्हणून. तुला कळू दे. मी एकटीनंच काहून गोळा करून ठेवायचं सगळं.

आजी

---

औंढा, मार्गशीर्ष वद्य ३, सन १९४८

सुनीते,

निजाम गेला. तुला तिथं आधी कळलं असंल. इकडं झेंडा लावला, पेढे वाटले. वकील उमरखेडहून परत आले, डोक्यावर पांढरी टोपी. आता ते आणखीच ताठ चालतात, साहेबांच्या मागं वाकायची कसर भरून काढतात.

पेढ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात मुसलमान आळीत जे झालं ते कोणी पारावर वाचून दाखवलं न्हाई. ज्यांनी जुलूम केला ते कधीच पळाले होते. गावानं बदला घेतला तो जो हाताला लागला त्याच्यावर. रहमतबीचा लेक गुलाम नबी साधा शिंपी, त्यानं कधी सुईपेक्षा मोठं हत्यार हातात धरलं न्हाई. तो घरातून गेला तो आला न्हाई. घर अर्धं जळालं. रहमतबी आतून कडी लावून बसली, कोणाला दार उघडेना. शेजारी भाकरी ठेवून यायचे, ती कधी उचलायची, कधी कुत्री न्यायची.

मी ऐकून होते. रोज ऐकत होते. मला कोणी सांगितलं न्हाई जा म्हणून. मग एक दिवस गेले. कोणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत त्या आळीत गेले, दाराशी उभी राहिले आणि हाक मारली, रहमतबी. आतून काही न्हाई. एवढं झालं की परतायचं, ही आपली रीत. मी परतले न्हाई. पुन्हा मारली. पुन्हा मारली. आळीतली माणसं बघून राहिली होती, थोरल्या बाईला काय झालं म्हणून. मी मोजल्या न्हाईत. शेवटी कडी निघाली.

"गंगूबाई," ती म्हणाली, "इतनी बार बुलाते क्या किसी को? भीक मंगी जैसा."

मी म्हटलं, व्हय. भीकच आहे. चल.

ती आता माझ्याकडं मागच्या खोलीत आहे. सोवळ्याओवळ्यावरून भाऊबंद कुजबुजले. मी म्हटलं, जेवायला बोलावलं की याल ना, तेव्हा बघू. कोणी आलं न्हाई, बोलावलंच न्हाई.

आता वकिलांनी शाळा पुन्हा काढायची म्हणून कागद छापलेत. तसेच कागद, नुसता वरचा शिक्का बदलला. सदर मुअल्लिमा हा शब्द गेला, मुख्याध्यापिका आला. तुला त्यांनी तीन पत्रं धाडली, एकाचं पण उत्तर आलं न्हाई, असं माझ्यासमोर तक्रार करत होते. मी म्हटलं, तिचं बराबर आहे. कागदानं कोण येतं? तुम्हाला एवढं वय झालं तरी कळलं न्हाई. ते म्हणाले, मग तुम्हीच बघा गंगूताई. मला बोलावणं म्हणता येईल का याला, मी विचार केला. न्हाई म्हणता येणार. तरी उठले.

रूपाबाईकडं गेले. पुसदहून काही खबर आहे का विचारलं. देवलाला दिवस गेलेत. चौदाव्या वरसी. मग मी म्हटलं, रूपाबाई, करंडा काढतेस का? तिची धाकटी, पेमा, सहा वरसांची, चुलीपाशी शेंगा फोडत होती. रूपाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काढते. पण थोरल्या बाई, यावेळेस कोणी बोलावू न बोलावू, मी थांबणार न्हाई. तुमी थांबलात तरी." सतरा-अठरा वरसांत त्या बाईनं मला केलेलं हे पहिलं उलट बोलणं. ऐकून घेतलं.

ओवरी झाडून घेतली आहे. शेळी अजून येते. पोती कुजली, नवी आणावी लागतील. पोरी किती येतील सांगता येत न्हाई. मुसलमान आळीत रहमतबी पुढं चालेल म्हणते, पण तिच्या हातून आता खडीसाखर सांडते. शिकवायला माझ्याशिवाय कोणी न्हाई, आणि मला बाळबोधीपलीकडं काय येतं ते तुला ठाऊक आहे. मी शाळेला पोरी आणू शकते, पोरींना शाळा न्हाई आणू शकत. हे तुझं काम आहे.

कार्डावर 'ये' म्हणून लिहिलं तर तू येणार न्हाईस. मी पण आले नसते. म्हणून लिहीत न्हाई. मी निघाले आहे. हे पत्र पोचेल त्याच्या मागं मी असेन. बैलगाडीनं जवळा गावच्या बाजारापर्यंत, तिथून वसमत, मग रेल्वे, पूर्णेला बदलायची. रूपाबाई सोबत आहे, करंडा घेऊन. तुझ्या कपाळाला त्यातलं कुंकू लागायचं न्हाई, माझ्या पण न्हाई, तरी ती पुढं चालेल, मी दोन पावलं मागं. रीत आहे.

तुझ्या दाराशी उभी राहीन. उंबरा ओलांडणार न्हाई. हाक एकदाच मारीन असं आधी इथं लिहिलं होतं, ते खोडलंय, दिसत असंल. किती वेळा मारीन ते आता सांगत न्हाई.

फक्त एक कर. ऐकलीस की लगेच ये. हात पिठात असले तर तसेच घेऊन ये. पीठ झटकेपर्यंत माणूस निघून जातं.

आजी